हलाल सर्टिफिकेट देणाऱ्यांनो, 'मश्बूह' लिहिता तर का तेही लिहा

हलाल सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था, इ-नंबरच्या म्हणजे लेबलवरच्या ॲडिटिव्हच्या नंबरांच्या याद्या बनवणारी मंडळी आणि पाकीट स्कॅन केलं की लाल-पिवळा-हिरवा रंग दाखवणारी ॲप चालवणारे तुम्ही सगळे, अस्सलामु अलैकुम.

विषय मॉडिफाईड स्टार्चचा आहे. सूपचं पाकीट घ्या, सॉसची बाटली घ्या, फ्रोझन काहीही घ्या, लेबल उलटं केलं की तिथे तो बसलेला असतो आणि इतकी वर्षं मीही त्याच्याकडे बघून पुढे जायचे. पण मागे अब्बांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि गिळणं बिघडलं. अशा पेशंटला साधं पाणीसुद्धा धोक्याचं असतं कारण पातळ पाणी घशातून पोटात जायच्या ऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि मग न्यूमोनिया होतो. म्हणून डॉक्टरांनी पाणी घट्ट करायची पावडर लिहून दिली. डब्यावर दोनच गोष्टी होत्या, मॉडिफाईड मका स्टार्च 1442 आणि माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च तोडून केलेली पावडर.

अब्बांनी विचारलं, हलाल आहे का? बोलायला त्रास होत होता तरी पहिला प्रश्न हाच. आता मजबुरीत सगळं चालतं, औषध म्हणून घ्या, असं सांगणारे चार जण पलंगापाशी होते आणि त्यांचं चुकीचं नव्हतंच. पण अब्बांना मजबुरीची सूट नको होती, त्यांना साधं उत्तर हवं होतं की ही वस्तू मुळात हलाल आहे का नाही. मी 1442 तीन ठिकाणी टाकून बघितला. एकाने हलाल सांगितलं, दुसऱ्याने मश्बूह म्हणजे संशयास्पद, टाळलेलं बरं, आणि तिसऱ्याने लिहिलं होतं "व्हेज सोर्स असेल तर हलाल, ॲनिमल सोर्स असेल तर हराम".

हे तिसरं वाचून आधी हसू आलं आणि मग डोकंच फिरलं. अहो स्टार्च प्राण्यापासून मिळतच नाही! प्राण्यांच्या शरीरात असतं ते ग्लायकोजेन. स्टार्च मक्याचा, बटाट्याचा, गव्हाचा, तांदळाचा, टॅपिओकाचा, वाटाण्याचा असतो, बस. म्हणजे लिहिणाऱ्याने सगळ्या नंबरांपुढे एकच वाक्य कॉपी-पेस्ट केलंय. आणि मजा बघा, त्याच डब्यातल्या माल्टोडेक्स्ट्रिनबद्दल तिघांपैकी एकानेही काही शंका घेतली नव्हती, जिथे खरं तर एक प्रश्न विचारायला जागा होती. त्याच्याकडे येतेच.

मी आलिमा म्हणजे दीनी इल्म शिकलेली बाई नाही हे आधीच सांगून टाकते. फूड कंपनीत क्वालिटीच्या खात्यात काही वर्षं काढली आहेत, स्पेसिफिकेशनचे कागद वाचायची सवय आहे, आणि घरातले झाडून सगळे दुकानात उभं राहून मला फोटो पाठवतात, हे चालेल का ते चालेल का. थोडक्यात तुमचं काम मी फुकटात करते असं समजा. कोणाच्या फतव्याला आव्हान द्यायचा माझा इरादा नाही. मला फक्त एवढंच म्हणायचंय की निकाल देता तर त्याचं कारण द्या.

आधी 1442 म्हणजे काय ते, कारण नाव ऐकूनच लोक घाबरतात. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब माळा, काही सरळ म्हणजे अमायलोज, काही फांद्या फुटलेल्या म्हणजे अमायलोपेक्टिन. साधा स्टार्च नाजूक असतो. त्याने घट्ट केलेला सॉस फ्रीज करून परत काढला की बाजूला पाणी सुटतं, आंबट घातलं की पातळ पडतो, फार घुसळला किंवा फार उकळला की लगदा. म्हणून कारखान्यात त्या माळांना मधे मधे टाके घालतात. क्षारयुक्त पाण्यात स्टार्च कालवायचा, त्यात फॉस्फरस ऑक्सिक्लोराईड किंवा सोडियम ट्रायमेटाफॉस्फेट घालायचं, दोन माळांच्या मधे फॉस्फेटचा पूल तयार होतो, मग आम्ल घालून शांत करायचं, धुवायचं, वाळवायचं. 1442 मध्ये याच्या जोडीला प्रॉपिलीन ऑक्साईडने माळांना छोट्या छोट्या गाठी लावलेल्या असतात, त्यामुळे त्या परत एकमेकींना चिकटत नाहीत आणि पाणी सुटत नाही. हे सगळं किती प्रमाणात तर एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या संयुक्त तज्ज्ञ समितीची मर्यादा आहे, हायड्रॉक्सिप्रॉपिल 7 टक्क्यांच्या वर नको आणि फॉस्फरस बटाटा-गव्हाच्या स्टार्चमध्ये 0.14 टक्के, बाकीच्यात 0.04 टक्के. बाकी सगळा तो मकाच.

तब्येतीचा मुद्दा इथे नाहीये, तो वेगळा विषय आहे आणि युरोपच्या फूड सेफ्टी ऑथॉरिटीने 2017 मध्ये अशा बारा स्टार्चचा परत आढावा घेऊन काळजीचं कारण नाही असं सांगितलेलं आहे. काही लोक हलाल आणि हेल्दी यांची खिचडी करतात, ती आज नको.

तर घोळ कुठे होतो, तर नावात. फॉस्फेट दिसलं की कोणीतरी म्हणतं हाडांपासून असेल. हाडांचं फॉस्फेट असतं, नाही असं नाही, पण त्याला वेगळा नंबर आहे, 542. स्टार्चला लागणारा फॉस्फरस खाणीतल्या दगडातून येतो. 1422 मध्ये अडिपेट आहे, आणि हा शब्द लॅटिनमधल्या चरबी या शब्दावरून आलाय कारण हे ॲसिड पूर्वी चरबीवर प्रक्रिया करून मिळवत, त्यामुळे डिक्शनरी उघडणारा माणूस हमखास दचकतो. आज ते पेट्रोलियमपासून बनतं. ॲसिटेट म्हटलं की व्हिनेगर, व्हिनेगर म्हटलं की वाईन, अशी साखळी लावणारेही भेटलेत मला. एक तर हे ॲसिटिक कारखान्यात मिथेनॉलपासून बनवतात, त्यात द्राक्ष नाही की दारू नाही, आणि दुसरं म्हणजे व्हिनेगर तर हलालच आहे, आपल्या नबींनी ते सालन म्हणजे कालवण म्हणून खाल्लंय, मग साखळी कशाला? आणि मॉडिफाईड म्हणजे जेनेटिकली मॉडिफाईड असा अर्थ काढणारे वेगळेच. बीजात बदल केलेला मका आणि स्टार्चला टाके घातलेला मका या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एक असली म्हणजे दुसरी असेलच असं नाही.

म्हणजे 1404, 1410 ते 1414, 1420, 1422, 1440, 1442, 1451 ही सगळी ओळ बघितली तर वनस्पतीचा स्टार्च अधिक खनिज किंवा पेट्रोलियमपासून आलेलं केमिकल. प्राणी कुठेच नाही. यांना पिवळा दिवा लावायचा तर तो नेमका कशासाठी?

मग सगळं क्लिअर आहे का? नाही, आणि इथेच मला तुमचा राग येतो, कारण जिथे शंका घ्यायची तिथे तुम्ही गप्प असता.

पहिली जागा एन्झाईम. 1405 हा एन्झाईमने तोडलेला स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिनही बहुतेक वेळा एन्झाईमनेच बनतं. एन्झाईम म्हणजे इथे स्टार्च तोडणारं अमायलेज, आणि अमायलेज डुकराच्या स्वादुपिंडातूनही मिळतं, पचनाच्या औषधांमध्ये ते वापरलंही जातं. म्हणजे प्रश्न खरा आहे. आता त्याचं उत्तरही आहे. स्टार्चच्या कारखान्यात हे काम शंभर अंशांच्या आसपास चालतं आणि प्राण्याचं अमायलेज शरीराच्या तापमानावर काम करणारं, ते तिथे शिजून बाद होईल. म्हणून तिथे बॅसिलस जातीच्या बॅक्टेरियाचं, उष्णता सहन करणारं अमायलेज वापरतात, थंड टप्प्यांना कधी बुरशीचं तर कधी बार्लीचं. पण हे तुम्ही सांगा ना! मी कशाला सांगायचं?

त्यात आणखी गंमत ऐका. कोडेक्सच्या म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या यादीत एन्झाईमवाल्या स्टार्चला 1405 नंबर आहे, पण युरोपच्या कायद्यात तो ॲडिटिव्हच मानत नाहीत, लेबलवर नुसतं "स्टार्च" लिहिलं तरी चालतं. आणि केमिकलने बदललेला जो आहे, त्याच्यावर "मॉडिफाईड स्टार्च" लिहावं लागतं, मात्र कोणता, त्याचा नंबर काय, हे लिहायची सक्ती नाही. गव्हाचा असेल तर ग्लुटेनसाठी ते सांगावं लागतं तेवढंच. म्हणजे ज्याच्यात प्रश्न नाही तो भीतीदायक नावाने समोर उभा आणि ज्याला खरंच एक प्रश्न विचारायला हवा तो साध्या "स्टार्च" या नावामागे बसलेला. आणि तुमची ॲप "मॉडिफाईड" शब्द पकडून पिवळी होतात. हे बरोबर उलटं झालंय.

दुसरी जागा थोडी खोल आहे. बॅक्टेरियाचं एन्झाईम म्हटलं की आपण सुटलो असं वाटतं, पण तो बॅक्टेरिया कशावर वाढवला? 2000 च्या शेवटी आणि 2001 च्या जानेवारीत इंडोनेशियात अजिनोमोटोचं प्रकरण झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तिथे प्रश्न मोनोसोडियम ग्लुटामेटचा होता, आणि त्या पावडरीत डुक्कर नव्हतंच, पण बॅक्टेरियाच्या कल्चरच्या खाद्यात सोयाचा जो पदार्थ होता तो डुकराच्या एन्झाईमने तोडून बनवलेला होता. उलेमा कौन्सिलने हराम म्हटलं, माल बाजारातून परत घ्यावा लागला, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, जे स्वतः मोठे आलिम होते, ते म्हणाले की शेवटच्या वस्तूत काही नाही त्यामुळे हलाल. एकाच देशात, एकाच वस्तूवर, दोन मतं, पण निदान दोघांनी आपापलं कारण तरी सांगितलं! लोकांना कळलं की वाद कशावर आहे. मला एवढंच हवंय.

तिसरी जागा अल्कोहोल. थंड पाण्यात फुगणारे काही स्टार्च बनवताना स्टार्चचे कण फुटू नयेत म्हणून पाणी आणि इथेनॉलच्या मिश्रणात काम करतात, नंतर ते इथेनॉल उडून जातं. आता इथेनॉल दारूच्या भट्टीतून आलेलं नसेल, केमिकल कारखान्यातलं असेल, तर त्याला खम्रचा म्हणजे हराम दारूचा हुकूम लावायचा का यावर उलेमांची मतं वेगळी आहेत हे मान्य. पण मग "व्हेजिटेरियन" शिक्का इथे काही कामाचा नाही हे तरी लोकांना सांगा, कारण अल्कोहोल व्हेजच असतं.

आणि 1450, म्हणजे तेलकट गोष्टी धरून ठेवणारा मॉडिफाईड स्टार्च. हा स्वतः ठीक, पण हा बहुतेक वेळा पोटात काहीतरी घेऊन येतो, फ्लेवर किंवा व्हिटॅमिन. अ जीवनसत्त्वाच्या पावडरींना पूर्वापार जिलेटिनचं कवच असायचं, 1450 हा त्याला पर्याय म्हणूनही वापरतात. म्हणजे हा नंबर दिसणं ही कधी कधी चांगली खूण असू शकते आणि यादीत मात्र त्याच्यापुढे संशय! पोटातला फ्लेवर कशात विरघळवलाय ते विचारा हवं तर.

आता दीनचा म्हणजे धर्माचा भाग, आणि इथे मी जपून बोलते. नुमान इब्न बशीर यांनी सांगितलेली हदीस, म्हणजे नबींचं वचन, आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलीय, बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे, हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि मधे काही संशयाच्या गोष्टी आहेत ज्या बऱ्याच लोकांना माहीत नसतात. बऱ्याच लोकांना. कोणालाच माहीत नसतात असं नाही म्हटलेलं. म्हणजे काही जणांना माहीत असतात आणि ते लोक तुम्ही असायला हवं होतं, फी तर तुम्ही त्याचीच घेता. मश्बूह हा चौकशी करून, शोधून, तरीही न सुटलेल्या गोष्टीला लावायचा शब्द आहे ना? ईमेल करायचा कंटाळा आला म्हणून लावायचा शब्द नाही तो. आणि खाण्याच्या वस्तू मुळात हलाल, मनाईला दलील म्हणजे पुरावा लागतो, हे तर पहिल्या धड्यातलं आहे. शंकेने खात्री मोडत नाही हेही त्याच धड्यातलं.

इस्तिहालाचंही तेच. म्हणजे वस्तू पूर्ण बदलून दुसरीच झाली तर तिचा हुकूम बदलतो का. आपल्या मझहबांमध्ये म्हणजे फिकहच्या परंपरांमध्ये यावर एकमत नाही, हनफींकडे मिठाच्या खाणीत पडून मीठ झालेल्या गाढवाचं उदाहरण देतात, मालिकींकडेही वाव मोठा आहे, शाफईंकडे दार अरुंद आहे, आपोआप व्हिनेगर झालेली दारू आणि कमावलेलं कातडं अशा मोजक्याच गोष्टी, आणि डुकराच्या कातड्याला तर तीही सूट नाही. म्हणजे समजा कुठे डुकराचं एन्झाईम वापरलं गेलंच आणि ते नंतर नष्ट झालं, तर हनफी घरात आणि शाफई घरात उत्तर वेगळं येऊ शकतं. तर मग "आम्ही शाफई मतावर चालतो म्हणून आमचा निकाल असा" हे एक वाक्य लिहायला काय हरकत आहे? वाचणारा आपल्या मुफ्तींना विचारून ठरवेल. तुम्ही नुसता रंग दाखवता तेव्हा तुमचा मझहब, तुमची माहिती आणि तुमचा आळस हे सगळं एकाच पिवळ्या ठिपक्यात मिसळून जातं आणि मला बाहेरून कळत नाही त्यातलं काय किती आहे.

बरं मी ईमेल केले. पावडरीच्या कंपनीला पहिलं पत्र टाकलं "हे हलाल आहे का", उत्तर आलं आमचं प्रॉडक्ट व्हेजिटेरियन लोकांसाठी योग्य आहे, धन्यवाद. एका हलाल संस्थेला लिहिलं, तिथून आठ दिवसांनी तीन शब्द आले, मश्बूह, टाळलेलं बरं. टाळायचं म्हणजे काय? माणसाने पाणी टाळायचं? दुसरी पावडर गमची मिळते, मान्य, पण ती आमच्या हातात यायला वेळ होता आणि तेवढे दिवस अब्बा चमच्याने दोन घोट घेऊन मान फिरवत होते. ओठ सुकलेले, सलाईन लावलेलं, आणि मी कोपऱ्यात बसून तुमच्या याद्या स्क्रोल करतेय.

मग मी कंपनीला परत लिहिलं, या वेळी नोकरीत सप्लायरला लिहायचे तसं. स्टार्च कशाचा, माल्टोडेक्स्ट्रिनसाठी एन्झाईम कोणतं आणि ते कशावर वाढवलं, बनवताना कुठे अल्कोहोल वापरता का, त्याच लाईनवर जिलेटिनवालं काही बनतं का आणि मधे कसं धुता. दोन दिवसांत टेक्निकल खात्यातल्या कोणीतरी नीट उत्तर दिलं. मका, बॅसिलसचं एन्झाईम, वाढवायला वनस्पतीचंच खाद्य, अल्कोहोल नाही, त्या लाईनवर फक्त पावडरी आणि जिलेटिन कारखान्यातच येत नाही. चार प्रश्न, दोन दिवस. मी ते अब्बांना वाचून दाखवलं, आमच्या इमामसाहेबांना फोनवर ऐकवलं, ते म्हणाले यात विचारण्यासारखं काही उरलं नाही, द्या त्यांना. त्या दिवशी अब्बांनी पूर्ण कप संपवला.

हे चार प्रश्न विचारायला मला मुफ्ती असावं लागलं नाही. ज्यांना क्वालिटीतली नोकरी केलेली मुलगी नाही त्यांनी काय करायचं? आणि उलट बाजूही सांगते, कारण ती पण चूक आहेच. पॅनिकमध्ये यादी फॉरवर्ड करणाऱ्यांमुळे लोक मॉडिफाईड स्टार्च बघून पाकीट खाली ठेवतात आणि त्याच्याच शेजारचं 471 (तेल-पाणी एकत्र धरणारं इमल्सिफायर) असलेलं बिनधास्त उचलतात, जे चरबीचं असू शकतं. किंवा 920, म्हणजे पिठात घालतात ते सिस्टीन, जे पिसांपासून किंवा केसांपासूनही काढतात. संशयाचा कोटा स्टार्चवर खर्च झाला की खऱ्या ठिकाणी वापरायला उरतच नाही.

तर माझं मागणं असं आहे की यादीत "मॉडिफाईड स्टार्च" ही एकच ओळ ठेवू नका, नंबर वेगळे करा, आणि प्रत्येकापुढे रंग लावायचाच असेल तर लावा पण खाली एक ओळ लिहा की शंका एन्झाईमची आहे, अल्कोहोलची आहे, लाईनची आहे की काहीच नाही. ज्या मताने निकाल दिला ते मत लिहा. कंपनीला कधी विचारलं आणि काय उत्तर आलं त्याची तारीख टाका, कारण सप्लायर बदलतो, आज बॅक्टेरियाचं आहे ते उद्या दुसरं असू शकतं. कंपनीने उत्तर दिलं नाही तर "उत्तर दिलं नाही" असं लिहा, ती माहितीसुद्धा उपयोगाची आहे, मश्बूहपेक्षा तर नक्कीच. आणि तुमच्यातल्या ज्यांचं सर्टिफिकेट कंपन्यांना माल परदेशी पाठवायला लागतं, त्यांच्याकडे तर ही सगळी माहिती फायलीत पडलेली असणार, ऑडिट काय नुसतं चहा प्यायला जाता का? सिक्रेट फॉर्म्युला कोणी मागत नाहीये. एन्झाईम बॅक्टेरियाचं का प्राण्याचं, एवढ्याने कोणाचा धंदा बुडत नाही.

लांबलं पत्र, माफ करा. उत्तर द्यायचं ठरवलंत तर 1405 पासून सुरुवात करा. 1442 चं आमच्या घरी झालंय.